शाळा-समुपदेशकाची काळजी कोणाच्या खात्यात? व्यवस्थापनाकडे नेमकं काय मागावं

उंबरठा
शाळा-समुपदेशकांसाठी 'स्वतःची काळजी' या विषयावर कुठलीही कार्यशाळा घ्या, शेवटी खोल श्वास, छंद आणि पुरेशी झोप यांवरच गाडी येते. त्यात वाईट काही नाही. पण दिवसाला सात सत्रं, मध्ये दोन बदली तास आणि डबा खाताना दारात उभे पालक असं वेळापत्रक असेल, तर तो खोल श्वास घ्यायचा कधी?
व्यवस्थापनापुढे ठेवायला एका पानाचं निवेदन तयार करायचं आहे. कळकळीची वाक्यं नकोत. मुख्याध्यापकांना वाचून सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल अशा मागण्या हव्यात. काय मागावं, कुठल्या क्रमाने मागावं, आणि मान्य झालेल्या गोष्टीही पुढे का बारगळतात, यावर जाणकारांनी लिहावं. 'सकारात्मक राहा' छाप प्रतिसाद आला तर आधीच धन्यवाद.

खडूधूळ
मागण्याच्या आधी मोजा. दोन आठवडे, १५-१५ मिनिटांचे रकाने पाडून. प्रकार पाचच ठेवा: मुलांसोबतचं काम, मुलांसाठी पालक-शिक्षकांशी बोलणं, नोंदी आणि कागदपत्रं, तातडीचं, आणि 'समुपदेशनाशी संबंध नसलेलं'. पाचव्या रकान्यात बदली तास, परीक्षेची देखरेख, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, रांगा लावणं हे सगळं येतं.
हे फसतं ते दोन ठिकाणी. एक, माणसं आठवड्याच्या शेवटी आठवून भरतात. मग आठवतात फक्त जड सत्रं, आणि किरकोळ कामांनी खाल्लेला वेळ गायब होतो. दोन, व्हरांड्यातली दोन-दोन मिनिटांची बोलणी कोणी धरत नाही. त्यांच्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात नुसत्या उभ्या रेघा मारत जा. दिवसाच्या शेवटी वीस रेघा निघाल्या तर ती चाळीस मिनिटं झाली.
तुलनेला काहीतरी हवंच असेल तर अमेरिकेतल्या शाळा-समुपदेशक संघटनेची शिफारस आहे: एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी, आणि किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सेवेत. ती शिफारस आहे, नियम नव्हे, आणि तिथेही सगळीकडे पाळली जात नाही. तरी 'मला काम जास्त आहे' यापेक्षा 'माझा ३५ टक्के वेळ पाचव्या रकान्यात जातोय' हे वाक्य टेबलावर जास्त टिकतं.

मधली_सुट्टी
आणि ही नोंद ठेवायला लागणारा वेळ कुठल्या रकान्यात टाकायचा? :)

खडूधूळ
तिसऱ्या. दिवसाला चार मिनिटं. ती न सापडणं हाच पहिला निष्कर्ष समजा.

पिंपळपान
निवेदनात शब्द जपून वापरा, कारण प्रत्येक शब्दामागचा उपाय निराळा आहे. लोक सगळ्यालाच 'बर्नआउट' म्हणतात.
बर्नआउट कामाच्या रचनेतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली घटना म्हणून नोंदवला आहे. लक्षणं तीन: थकून रिकामं होणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता वाटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यावर सुट्टीने तात्पुरतं बरं वाटतं. परत आल्यावर रचना तीच असेल तर काही दिवसांत पुन्हा जैसे थे.
दुय्यम आघात वेगळा. मुलाने सांगितलेला प्रसंग रात्री डोळ्यांसमोर येणं, तसाच विषय निघाला की टाळणं, दार आपटलं तरी दचकणं. हा एका जड केसनंतर अचानकही येऊ शकतो, कामाचा ताण कमी असला तरी. इथे वेळापत्रक सुधारून भागत नाही. सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या कामाबद्दल नियमित बोलणं) लागतं आणि कधी स्वतःसाठी थेरपिस्टही.
तिसरी गोष्ट हळूहळू होते: जगाकडे बघण्याची नजरच बदलते. प्रत्येक मामा-काका-शिकवणीवाला संशयित वाटू लागतो, स्वतःच्या मुलांना खाली खेळायला सोडवत नाही. बाहेरून ही 'सावधगिरी' दिसते, म्हणून सगळ्यात उशिरा लक्षात येते.
स्वतःला तपासायचं तर प्रोक्वॉल नावाची प्रश्नावली आहे. ३० विधानं, मागच्या ३० दिवसांबद्दल. तीन गुण वेगवेगळे निघतात: कामातून मिळणारं समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात. दर शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी भरली तर स्वतःचा कल दिसतो. हे निदान नव्हे. आणि ते गुण मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचे नसतात. आज ते सहानुभूतीने बघतील, मूल्यमापनाच्या महिन्यात तोच कागद 'ताण सहन होत नाही' म्हणून वाचला जाईल.

रिकामा_बाक
प्रश्नावली राहू दे, एक साधी खूण सांगतो. आज भेटीला येणारं मूल गैरहजर आहे हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटतं का? एखाद्या दिवशी वाटलं तर माणूस आहात. रोजच, आणि सगळ्याच मुलांबद्दल वाटू लागलं तर थांबून बघा.

गणिताचा_तास
दिवसाचा हिशोब मांडतो. शाळेचे सहा तास, म्हणजे ३६० मिनिटं.
ठरलेली सत्रं ४, प्रत्येकी ४० मिनिटं = १६०. प्रत्येक सत्रानंतर १५ मिनिटं = ६०. तातडीसाठी मोकळी ठेवलेली जागा ४५. पालक-शिक्षक ४५. जेवण ३०. दिवस मिटवायला २०. बेरीज ३६०.
म्हणजे पाचवं ठरलेलं सत्र घ्यायचं तर ५५ मिनिटं यातूनच कुठूनतरी काढावी लागतात. नेहमी निघतात ती सत्रांमधल्या १५ मिनिटांतून, कारण ती 'रिकामी' दिसतात. ती रिकामी नसतात: ८-१० मिनिटं नोंद, उरलेली पाणी, स्वच्छतागृह आणि डोकं एका मुलातून काढून दुसऱ्यात घालणं. वेळापत्रकावर तिथे 'मोकळा' लिहू नका, 'नोंद' लिहा. मोकळा तास म्हटलं की बदलीची चिठ्ठी आलीच.

तिसरी_घंटा
हे कागदावर छान आहे, पण शाळेत ४० मिनिटांचं सत्र ही चैन आहे. तासच ३५ मिनिटांचा. मूल वर्गातून निघून खोलीपर्यंत यायला पाच, परत जायला पाच. वर, कुठल्या तासाला बोलावलं यावर त्या शिक्षकाशी वाद. बरीचशी कामं १५-२० मिनिटांची असतात आणि ती तशीच बरी असतात. रोजच्या भांडणाला ४० मिनिटं देऊन त्याची केस कशाला करायची?

गणिताचा_तास
मान्य. मग चारऐवजी सत्रांचे 'भार' धरा. छोटी भेट १ भार, नेहमीचं सत्र २, आघात किंवा स्वतःला इजा असा विषय ४. दिवसाला ८ भार, आणि दोन चारवाले लागोपाठ नाहीत. आकडे माझे आहेत, शास्त्र नाही. स्वतःच्या दोन आठवड्यांच्या नोंदीवरून बदलून घ्या. कल्पना एवढीच की डोकी मोजू नयेत, वजन मोजावं.

तिसरी_घंटा
हे पटलं. एक भर: एकाच मुलाला नेहमी एकाच विषयाच्या तासातून उचलू नका. आळीपाळीने तास बदलला की त्या शिक्षकाची तक्रारही कमी, आणि 'हा दर मंगळवारी कुठे जातो' ही वर्गातली कुजबुजही कमी.

दोन_वेण्या
वजन मोजता येतं हे गृहीतच चुकीचं आहे. मूल पस्तीस मिनिटं क्रिकेटबद्दल बोलतं आणि घंटा झाल्यावर, दाराच्या कडीवर हात ठेवून, मान खाली घालून खरी गोष्ट सांगतं. त्या क्षणी १ भाराची भेट ४ ची होते. ही 'दारातली कबुली' सगळ्या समुपदेशकांना माहीत आहे आणि एकाही वेळापत्रकाला माहीत नाही.
उपाय अर्धवटच आहेत. पण (१) ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याला शेवटच्या तासाला किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी बोलावू नये. सांगितलं तर पालक, मुख्याध्यापक, बाहेरची मदत, कोणीच हाताशी नसतं, आणि ते ओझं समुपदेशक एकटा घरी नेतो. (२) सत्र संपायच्या दहा मिनिटं आधी स्वतःच विचारावं, 'आज बोलायचं होतं आणि राहिलं असं काही?' म्हणजे दार थोडं आधी उघडतं. (३) तातडीची ४५ मिनिटं दिवसाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ठेवावी, सकाळी नव्हे.

मधली_सुट्टी
तातडीची जागा रिकामी राहिली की कोणीतरी येऊन म्हणणार, 'अरे वा, आज निवांत!' त्याचं काय?

खडूधूळ
अग्निशमन दलाला आग नसताना कोणी गवत कापायला लावत नाही, असं सांगायचं.

रिकामा_बाक
लावतात हो. सगळं लावतात.

शून्य_तास
खोलीबद्दल कोणीच बोललं नाही. निम्मा थकवा खोलीतून येतो. सतत कान दाराकडे ठेवून ऐकणं म्हणजे दुप्पट काम.
दाराच्या खालची फट मोजा. तिथूनच आवाज सर्वांत जास्त बाहेर जातो. रबराची किंवा ब्रशची पट्टी लावली की मोठा फरक पडतो. बाहेर, दारालगत, पंखा किंवा तसाच एकसुरी आवाज असेल तर आतलं बोलणं झाकलं जातं. दाराला काच असावी, पण आत कोणी आहे हे बाहेरून कळावं आणि मुलाचा चेहरा दिसू नये अशा उंचीवर. समुपदेशकाच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही सुरक्षिततेसाठी ते बरं. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे मनगट वळवावं लागत नाही. दारावर सरकती पाटी: 'सत्र चालू', 'आत या', 'शाळेत आहे, खोलीत नाही'. तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं. त्याशिवाय लोक दार वाजवत राहतात.
आणि खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नादुरुस्त बाक, ढोल-ताशे ठेवू देऊ नका. एकदा कोठार झालं की चावी पाच जणांकडे जाते.

निळी_शाई
टिश्यूचा डबा मुलाच्या हाताला लागेल असा ठेवा, आपण उचलून देऊ नका. 'आता रडणं पुरे' असा अर्थ निघतो.

तिसरी_घंटा
सहा वर्षांच्या मुलाचं नाक वाहत असताना तत्त्व सांभाळत बसायचं का? द्या की उचलून.

निळी_शाई
:) वयोमर्यादा दहा करू. विषयांतराबद्दल क्षमस्व.

पर्णकुटी
मूळ मागणीत सुपरव्हिजन पहिल्या तीनात असायला हवं. मुख्याध्यापकांना हा शब्द 'देखरेख' वाटतो आणि ते म्हणतात, 'मी करतोच की.' तिथेच घोळ होतो. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत: काम नियमांत बसतंय का पाहणं, कौशल्य वाढवणं, आणि काम करणाऱ्याला सावरणं. मुख्याध्यापक फार तर पहिलं करू शकतात. पगारवाढ ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर 'या मुलाचा मला राग येतो' हे वाक्य कोणी बोलणार नाही, आणि सुपरव्हिजनमध्ये नेमकं हेच वाक्य बोलायचं असतं.
बाहेरची अनुभवी व्यक्ती महिन्यातून दोनदा, एक तास, शाळेच्या वेळेत. 'शाळेच्या वेळेत' हे लिहून घ्या. संध्याकाळी ठरलेलं सुपरव्हिजन तिसऱ्या महिन्यात बंद पडतं.
ते जमत नसेल तर वेगवेगळ्या शाळांतल्या चार ते सहा समुपदेशकांचा गट. साठ मिनिटांचा साचा असा: १० मिनिटं सगळ्यांची ख्यालीखुशाली. १० मिनिटं एकजण केस मांडतो आणि शेवटी नेमका प्रश्न सांगतो. १० मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न, सल्ला बंद. २० मिनिटं बाकीचे आपसात बोलतात आणि मांडणारा गप्प राहून लिहून घेतो. १० मिनिटं तो सांगतो की यातलं काय घेणार. कोसळतं ते तिसऱ्या टप्प्यावर. 'तुम्ही त्याच्या आईशी बोललात का?' हा प्रश्न नाही, प्रश्नाचं सोंग घेतलेला सल्ला आहे. घड्याळ धरणारा माणूस दर वेळी बदला.
नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं नाही. इयत्ता, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, जिंकलेली स्पर्धा, यातलं प्रश्नाला आवश्यक नाही ते सगळं काढा.

निळी_शाई
याला जोडून: गटात किंवा सहकाऱ्याजवळ मन मोकळं करतानाही अंगावर येणारे तपशील ओतायचे नाहीत, नाहीतर आपला दुय्यम आघात पुढे सरकतो. आधी कल्पना द्यायची ('एक जड गोष्ट आहे'), मग परवानगी घ्यायची ('आत्ता ऐकायला जमेल का?'), आणि मग थोडक्यात, आपल्यावर काय परिणाम झाला यापासून सुरुवात. प्रसंगाचं चित्र बहुतेक वेळा सांगावंच लागत नाही.

वर्गशिक्षक_मंडळ
मोठ्या घटनेनंतर, म्हणजे विद्यार्थ्याचा मृत्यू वगैरे, सर्वांना एकत्र बसवून सविस्तर बोलतं करायचं सत्र सक्तीचं करावं, हीही मागणी टाका.

पिंपळपान
कृपया टाकू नका. घटनेनंतर लगेच, एकदाच, सगळ्यांना तपशील बोलायला लावणारं डीब्रीफिंग आघातानंतरचा विकार टाळत नाही असंच अभ्यासांचे आढावे सांगतात. काहींना त्याने अपायही होऊ शकतो. 'सक्ती' तर नकोच.
दोन बैठका वेगळ्या करा. एक कामकाजाची: काय घडलं, कोणी काय केलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. ही सगळ्यांसाठी, भावना बाजूला ठेवून. दुसरी आधाराची: ऐच्छिक, बाहेरच्या व्यक्तीने घेतलेली, आणि एकदाच न करता काही आठवडे दार उघडं ठेवणारी. आणि एक गोष्ट नेहमी विसरली जाते: शाळा समुपदेशकालाच ही आधाराची बैठक घ्यायला लावते. त्या मुलाला आठवडाभरापूर्वी भेटलेला माणूस तोच असतो. त्या दिवसांत तो आधार घेणाऱ्यांच्या यादीत हवा.
त्याच आठवड्यात त्याची ठरलेली सत्रं निम्मी करायची तरतूदही आधीच कागदावर असावी. त्या दिवशी मागायचं बळ नसतं.

वर्गशिक्षक_मंडळ
हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

उंबरठा
उत्तम चाललंय. स्टाफरूमचा मुद्दा राहिला. 'काय म्हणाला तो?' हे दिवसातून चारदा विचारलं जातं, आणि दर वेळी नाही म्हणणं हेही दमवणारं असतं.

दोन_वेण्या
दर वेळी नवीन वाक्य शोधता म्हणून दमता. तीन वाक्यं पाठ ठेवा. शिक्षकांना: 'भेट झाली. वर्गात तुम्हाला काय करता येईल ते मी उद्या दुपारपर्यंत सांगते.' मुख्याध्यापकांना: 'तो सुरक्षित आहे, पुढची भेट ठरली आहे.' आणि आग्रह झालाच तर: 'सुरक्षिततेचा प्रश्न असता तर मी आपणहून आले असते.' हे तिसरं वाक्य खरं ठरायचं तर कुठल्या परिस्थितीत गोपनीयता मोडणार हे पहिल्याच भेटीत मुलाला आणि लेखी स्वरूपात शाळेला सांगितलेलं हवं.
पहिल्या वाक्यातलं 'उद्या दुपारपर्यंत' पाळाच. शिक्षकांना बहुतेकदा कुचाळकी नको असते, वर्गात करायचं काय ते हवं असतं. ते मिळालं की विचारणं थांबतं.

मुक्कामपोस्ट
फोन! शाळेच्या कामाचा नंबर वेगळा, आणि घरी गेल्यावर बंद. आपोआप जाणारं उत्तर असं: 'हा नंबर शाळेच्या वेळेत पाहिला जातो. आत्ता कोणाच्या जिवाला धोका असेल तर थांबू नका, अमुक आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.' तो क्रमांक चालू आहे ना हे दर तिमाहीला स्वतः तपासा.
लोक नंबर वेगळा घेतात आणि रात्री 'फक्त बघतात'. बघितलं की जबाबदारी आली. अर्धं बघणं सगळ्यात वाईट.

फिरता_रंगमंच
दोन-तीन शाळांत आळीपाळीने जाणाऱ्यांचं यात कुठेच काही नाही. आमच्या प्रकारात तातडी नेमकी आपण नसलेल्या वारी येते. प्रत्येक शाळेत एक नेमलेला शिक्षक आणि एक बदली शिक्षक, आणि त्यांच्याकडे अर्ध्या पानाची चिठ्ठी: मुलाला एकटं सोडायचं नाही, एकाने सोबत बसायचं आणि दुसऱ्याने फोन करायचे, फोनचा क्रम अमुक, 'मी कोणाला सांगणार नाही' हे वचन द्यायचं नाही, चौकशी करायची नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. ही चिठ्ठी असली की सुट्टीच्या दिवशी येणारे फोन खरंच कमी होतात. रजेलाही तीच लागू. रजेच्या आठवडाभर आधी नियमित मुलांना सांगणं, आणि जास्त काळजीच्या तीन-चार मुलांपुरतं, मुलांना कळवून, 'कशावर लक्ष ठेवायचं' एवढंच हस्तांतरण. हे नसेल तर रजा म्हणजे नुसतं घरून काम.

शून्य_तास
निवेदन सगळं व्यवस्थेचं झालं, ते बरोबरच. पण स्वतःच्या हातातल्या गोष्टींची फार थट्टाही नको. श्वासाचं म्हणाल तर सत्रांमध्ये तीन मिनिटं, आत घ्यायला ४ मोजा, सोडायला ६. सोडणं लांबवल्याने शरीर शांत होतं. मोठमोठे श्वास घेत सुटलात तर उलट गरगरेल. खुर्चीतून उठून लांबचं काहीतरी बघा. पाणी प्या आणि, स्पष्टच लिहितो, स्वच्छतागृहात जा. 'पुढचं मूल बाहेर बसलंय' म्हणून दिवसभर न जाणं हा या व्यवसायाचा छुपा आजार आहे.
शेवटच्या २० मिनिटांत कागदावर तीन ओळी: आज झालं, उद्यावर गेलं, माझं नाही. तिसरी ओळ लिहायला अवघड जाते. 'त्याच्या वडिलांनी दारू सोडणं' तिथे जातं.

उंबरठा
सगळ्यांचं घेऊन मसुदा केला आहे. क्रम फुकट ते खर्चिक असा:
१. वेळापत्रकात सत्रांमधली १५ मिनिटं 'नोंद' म्हणून छापावी. रोज ४५ मिनिटं तातडीसाठी राखावी.
२. समुपदेशकाला शिस्तभंगाची कामं, बदली तास आणि परीक्षेची देखरेख देऊ नये.
३. गोपनीयतेच्या मर्यादा एका पानावर, मुख्याध्यापकांच्या सहीने.
४. गैरहजेरीत जबाबदार दोन शिक्षक नेमावेत.
५. दाराला पट्टी, सरकती पाटी, कुलपाचं कपाट.
६. महिन्यातून दोनदा बाहेरचं सुपरव्हिजन, शाळेच्या वेळेत, शाळेच्या खर्चाने.
७. गंभीर घटनेनंतर एक आठवडा निम्मी सत्रं.
सोबत दोन आठवड्यांच्या वेळेची नोंद.

खडूधूळ
२ मध्ये 'देऊ नये' असं सरसकट लिहिलंत तर बाकी शिक्षक विरोधात जातील, आणि त्यांचंही चूक नाही. त्यांनी सगळं उचलायचं आणि एकाने नाही? शिस्तभंगाला पूर्ण नाही म्हणा, कारण शिक्षा देणाऱ्याकडे मूल मन मोकळं करत नाही. बदली तास आठवड्याला एक इतका मान्य करा. देखरेख वर्षातून ठरावीक दिवस.

पर्णकुटी
६ नाकारलं जाईल असं धरून खाली पर्याय लिहूनच ठेवा: 'अन्यथा समुपदेशक गटासाठी महिन्यातून एकदा दोन तासांची कामकाजी परवानगी.' खर्च शून्य. आणि सगळ्याला मुदत घाला, एका शैक्षणिक सत्रापुरतं करून बघू, मग पुन्हा नोंद ठेवून तुलना. कायमचा बदल मागितला की 'बघू' येतं.

दोन_वेण्या
५ मधल्या कपाटाची दुसरी चावी कोणाकडे? हे आत्ताच लिहा, नाहीतर ती कार्यालयातल्या खिळ्यावर लटकेल.

उंबरठा
बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर सही, मुख्याध्यापकांच्या तिजोरीत. पाकीट उघडलं तर तारीख आणि कारण नोंदवायचं. चालेल?

दोन_वेण्या
चालेल. सही पाकिटाच्या जोडावर करा, मधोमध नको.

मधली_सुट्टी
आणि सरकत्या पाटीवर चौथा पर्याय घाला: 'स्वच्छतागृहात.'